कॉमर्सची पोरं आणि बायोटेकचा दरवाजा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एक वाटणी होते. टक्के भरपूर असतील आणि क्लासची फी भरायची ऐपत असेल तर सायन्स, नाहीतर कॉमर्स. मुलाला काय आवडते, हा प्रश्न त्यात फारसा नसतो. मुस्लिम मोहल्ल्यांत ही वाटणी आणखी कडक. सायन्स म्हणजे डॉक्टर, ते जमले नाही तर फार्मसी. कॉमर्स म्हणजे अब्बांचे दुकान, कुणा सीएच्या ऑफिसात हिशेब किंवा आखातातली कारकुनी. सोळाव्या वर्षी झालेली ही वाटणी मग जन्मभरासाठी झाली, असे मुलेही समजतात आणि घरचेही.

मी मुंबईत शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करण्याच्या व्यवसायात आहे आणि माझे शिक्षण कॉमर्सचे आहे. त्यामुळे भिवंडी, मालेगाव, सोलापूरकडची मुले-मुली अधूनमधून फोन करतात. अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. एखाद्या ब्रोकिंग कंपनीत फार्मा-बायोटेकच्या टीममध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे, पण बारावीला बायोलॉजी नव्हते, घ्यावी की सोडावी? विचारणाऱ्यांत मुली जास्त असतात, हेही नोंदवतो.

माझे उत्तर ठरलेले आहे. घ्या. पण तयारी करून जा, आणि तयारी नेमकी कशाची करायची ते आधी समजून घ्या. कारण बहुतेक जण भलत्याच गोष्टीची तयारी करतात.

काम काय असते?

ब्रोकिंग कंपन्या, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या यांच्याकडे ॲनालिस्ट असतात. प्रत्येकाकडे एखाद-दुसरा उद्योग सोपवलेला असतो. त्या उद्योगातल्या कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, व्यवस्थापनाला प्रश्न विचारायचे, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईचा अंदाज मांडायचा आणि आजच्या भावाला शेअर स्वस्त आहे की महाग, ते कारणांसह लिहायचे. यालाच इक्विटी रिसर्च म्हणतात. इंटर्न ॲनालिस्टच्या हाताखाली एक्सेलमध्ये आकडे भरतो, तिमाही निकालांची टिपणे काढतो, कंपनीचे कॉन्फरन्स कॉल ऐकून सारांश लिहितो.

सिमेंट कंपनीचा अभ्यास करताना सिमेंट म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. बायोटेकमध्ये अडचण अशी, की ज्या मालाच्या विक्रीचा अंदाज करायचा तो माल बऱ्याचदा बाजारात आलेलाच नसतो. तो एखाद्या प्रयोगशाळेत किंवा काही शे रुग्णांवरच्या चाचणीत असतो. म्हणून या क्षेत्राची भीती वाटते. अमेरिकेत बायोटेक पाहणाऱ्या ॲनालिस्टांमध्ये डॉक्टर आणि पीएचडी झालेले लोक बरेच असतात, हेही खरे आहे.

तरीही कोणत्याही नव्या औषधाबद्दल ॲनालिस्टला विचारायचे असते ते तीनच प्रश्न. औषध काम करते का? सरकारी नियामक त्याला परवानगी देईल का? आणि परवानगी मिळाली तर पैसे कोण मोजणार? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे. दुसरा बराचसा कायद्याचा आणि कागदपत्रांचा. तिसरा शुद्ध बाजाराचा. म्हणजे तिन्हीपैकी दोन प्रश्न कॉमर्सवाल्याच्या घरचेच आहेत, आणि पहिल्या प्रश्नाचीही भाषा शिकता येते.

हमीदसाहेबांची गोष्ट

आपल्या समाजात औषध उद्योगाचा विषय निघाला की सिप्लाचे नाव निघतेच. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत ही कंपनी उभी केली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी 2001 साली एड्सवरची तीन औषधांची उपचारपद्धती वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बड्या परदेशी कंपन्यांच्या त्याच उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांच्या आयुष्याशी जोडलेली ही घटना आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच.

पण ती सांगताना आपण फक्त रसायनशास्त्र आणि रहमदिली सांगतो. मधला भाग गाळतो. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले होते, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा भारतीय कंपन्यांना होती. 1 जानेवारी 2005 पासून उत्पादनावरचे पेटंट परत आले आणि सगळा खेळ बदलला. म्हणजे त्या 350 डॉलरमागे रसायनशास्त्राबरोबर एक कायदा होता आणि उत्पादन खर्चाचा काटेकोर हिशेब होता. कायदा आणि कॉस्टिंग हे विषय कुठे शिकवतात? बी.कॉम.ला.

आधी दहावीचे पुस्तक काढा

आता पहिल्या प्रश्नाची भाषा. इंटर्नशिपच्या आधी मुले इंटरनेटवरून महागडे कोर्स घेतात, जीवशास्त्राची जाडजूड पुस्तके आणतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मी त्यांना दहावीचे विज्ञान भाग 2 चे पुस्तक काढायला सांगतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र बोर्डातून दहावी झालेल्या प्रत्येकाने ते वाचलेले आहे, मराठीतून, उर्दूतून किंवा इंग्रजीतून. त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. डीएनएवरची माहिती आरएनएवर कशी उतरते आणि आरएनएवरून प्रथिन कसे बनते, ते तिथे दिले आहे. पुढे पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञानाचा धडा आहे. हे दोन धडे समजले, की बायोटेकच्या बहुतेक बातम्यांचे दार उघडते. कोविडची एमआरएनए लस म्हणजे शरीराला दिलेला प्रथिनाचा आराखडा. अँटिबॉडी औषध म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेले प्रथिन. ते पेशींकडून बनवून घ्यावे लागते म्हणूनच त्याची हुबेहूब नक्कल होत नाही, नकलेला 'बायोसिमिलर' म्हणतात आणि तिला परवानगी मिळवायला साध्या गोळीच्या नकलेपेक्षा जास्त वेळ आणि पैसा लागतो. इथे विज्ञान संपून थेट खर्चाचा मुद्दा सुरू झाला, हे लक्षात आले असेल.

त्यानंतर बारावीच्या एनसीईआरटी बायोलॉजीतले जैवतंत्रज्ञानाचे दोन धडे वाचावेत. पुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळते. एवढे पुरे. यापुढचे वाचन विषयवार नको, औषधवार हवे. एक आजार, एक औषध, एक कंपनी घ्यायची आणि मुळापासून शेवटपर्यंत वाचायची. दहा औषधांची नावे पाठ करणाऱ्यापेक्षा एका औषधाचा पूर्ण प्रवास सांगू शकणारा इंटर्न टीमला जास्त उपयोगी पडतो.

एका औषधाचा प्रवास

सरावासाठी मी नेहमी एकच औषध सुचवतो. अमेरिकेतील बायोजेन कंपनीचे अल्झायमरवरचे ॲड्युकॅनुमॅब. या एका प्रकरणात तिन्ही प्रश्न ओळीने येतात.

मार्च 2019 मध्ये कंपनीने या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या थांबवल्या, कारण मधल्या पाहणीत औषध यशस्वी होण्याची शक्यता दिसत नव्हती. त्या दिवशी शेअर सुमारे 29 टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये कंपनी म्हणाली, की उरलेली माहिती धरून पाहिले तर एका चाचणीत औषधाचा फायदा दिसतो. दुसऱ्या चाचणीत मात्र तो दिसत नव्हता. फायदा केवढा? बातम्यांत आकडा आला 22 टक्क्यांचा. जास्त डोस घेणाऱ्यांची घसरण, औषध नसलेला डोस घेणाऱ्यांपेक्षा 22 टक्क्यांनी मंद होती. पण मोजपट्टी 18 गुणांची होती आणि दोन गटांतला फरक होता 0.39 गुणांचा. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत कुठला येईल आणि रुग्णाच्या मुलाला कुठला कळायला हवा, याचा विचार करा.

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने हा पुरावा पुरेसा नाही असा कौल दिला. तरी 7 जून 2021 रोजी एफडीएने औषधाला वेगवान मार्गाने मंजुरी दिली. आधार घेतला तो मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन कमी होते याचा. स्मरणशक्ती सुधारते असा तो पुरावा नव्हता. शेअर एका दिवसात सुमारे 38 टक्के चढला. बाजाराला वाटले, प्रश्न सुटला.

सुटले होते ते फक्त परवानगीचे. कंपनीने किंमत ठेवली वर्षाला 56,000 डॉलर. अल्झायमरचे बहुतेक रुग्ण वृद्ध, आणि अमेरिकेत वृद्धांच्या उपचाराचे पैसे मेडिकेअर ही सरकारी योजना देते. डॉक्टर लिहून देईनात, रुग्णालये घेईनात. 2021 मध्ये औषधाची विक्री झाली अवघी 30 लाख डॉलरच्या आसपास. कंपनीने किंमत निम्म्यावर आणली. एप्रिल 2022 मध्ये मेडिकेअरने जाहीर केले, की चाचणीत सहभागी असणाऱ्यांचाच खर्च दिला जाईल. जानेवारी 2024 मध्ये बायोजेनने हे औषध गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

हे सगळे वाचल्यावर मी मुलांना विचारतो, 7 जूनच्या संध्याकाळी 38 टक्के चढलेला शेअर विकत घेऊ नका असे सांगायला कोणते ज्ञान लागले असते? मेंदूशास्त्रातली पदवी लागली असती का? गिऱ्हाईक कोण, पैसे कुणाच्या खिशातून जाणार आणि तो ते का देईल, हे विचारणारा माणूस पुरेसा होता. आपल्या बाजारातल्या कोणत्याही दुकानदाराचा मुलगा हा प्रश्न लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

आकडे वाचायची सवय

विज्ञानापेक्षा जास्त गरज संख्याशास्त्राची आहे, आणि तेही थोडेच. चाचणीत किती लोक होते? तुलना कशाशी केली? 'प्रायमरी एंडपॉइंट', म्हणजे यश मोजण्याचा मुख्य निकष, आधी ठरवला होता की निकाल पाहून नंतर बदलला? फायदा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? शंभरातल्या दोघांना होणारा झटका औषधामुळे एकालाच झाला, तर 'धोका निम्म्याने घटला' म्हणता येते आणि 'शंभर जणांना औषध दिले तेव्हा एकाचा फायदा झाला' असेही म्हणता येते. कंपनी पहिले वाक्य लिहिते. इंटर्नने दुसरे लिहायला शिकावे.

मुख्य निकष बदलला की नाही, हे तपासायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. भारतात चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर होते. ते 2007 मध्ये सुरू झाले आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेची अशीच नोंदवही 2000 पासून खुली आहे. कंपनीचे प्रसिद्धिपत्रक एका बाजूला आणि ही नोंद दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ जुळवायची. ऑडिटमध्ये व्हाउचर आणि खतावणी जुळवतात तसेच हे काम आहे.

मग शक्यतेचा हिशेब. अमेरिकेतल्या बायोटेक उद्योगाच्या संघटनेने 2011 ते 2020 या दशकातल्या चाचण्यांचा एक मोठा अहवाल काढला. त्यानुसार माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी शेवटी मंजूर होणारी फक्त 7.9 टक्के. सर्वांत मोठी गळती दुसऱ्या टप्प्यात होते, तिथून 28.9 टक्केच पुढे जातात. तिसऱ्यातून 57.8 टक्के आणि अर्ज केल्यावर 90.6 टक्के.

समजा, एका कंपनीचे औषध दुसऱ्या टप्प्यात आहे आणि ते बाजारात आलेच तर त्याच्या सगळ्या नफ्याची आजची किंमत 1,000 कोटी रुपये होईल. तिन्ही शक्यतांचा गुणाकार केला तर येतो सुमारे 15 टक्के. म्हणजे आज त्या औषधाचे मोल साधारण 150 कोटी, आणि त्यातूनही उरलेल्या चाचण्यांचा खर्च वजा करायचा. बायोटेकचे सगळे मूल्यमापन या साध्या गुणाकारावर उभे आहे. पुढे त्यात बारकावे येतात. आजारागणिक शक्यता बदलते, पेटंटची उरलेली वर्षे मोजावी लागतात. पण पाया हाच. बारावीला गणित घेतलेल्या कॉमर्सच्या मुलाला हे एका दुपारी समजते.

आपल्याकडचे चित्र

भारतात या क्षेत्राची जातकुळी थोडी वेगळी आहे, तेही जाण्याआधी माहीत हवे. जगातली सर्वाधिक लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात हडपसरला आहे, पण तिचा शेअर बाजारात नाही. भारत बायोटेकचाही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्टच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवरचा हा भारतात विकसित झालेला पहिला असा उपचार. ही कंपनीही बाजारात नोंदलेली नाही. तिच्यात हिस्सा आहे तो हैदराबादच्या लॉरस लॅब्जचा. मग या उपचाराच्या बातमीवर लॉरसचा शेअर किती हलायला हवा? हिस्सा किती, लॉरसची बाकी कमाई केवढी, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हा प्रश्नही ताळेबंदाचाच.

मुंबईच्या ग्लेनमार्कचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिच्या उपकंपनीने जुलै 2025 मध्ये रक्ताच्या कर्करोगावरचे एक औषध अमेरिकेच्या ॲबव्हीला दिले. औषध चाचणीच्या पहिल्याच टप्प्यात होते. मथळ्यांत 190 कोटी डॉलरच्या पुढचा आकडा झळकला. करारात हाती येणारी रक्कम होती 70 कोटी डॉलर. बाकीचे 122.5 कोटी पुढचे टप्पे पार पडले तर, म्हणजे वर दिलेल्या शक्यतांच्या अधीन. 70 कोटीही लहान रक्कम नव्हे, पण 'मिळाले' आणि 'मिळू शकतील' यांना एकाच रकान्यात टाकू नये, एवढे तर आपण अकरावीच्या बुक-कीपिंगमध्ये शिकलो.

बेंगळुरूच्या बायोकॉनचेही तसेच. स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाची तिने भागीदारीत केलेली प्रतिकृती 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ही विज्ञानाची मोठी बाजी. पुढे 2022 मध्ये तिने भागीदार व्हियाट्रिसचा बायोसिमिलर व्यवसाय सुमारे 330 कोटी डॉलरच्या सौद्यात घेतला. त्यानंतर कंपनीच्या निकालांत कर्ज आणि व्याज हे शब्द औषधांच्या नावांइतकेच महत्त्वाचे झाले.

नियामकाचेही पाहा. रॅनबॅक्सीने 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरले. प्रकरण होते चाचण्यांच्या खोट्या नोंदींचे आणि कारखान्यांतल्या त्रुटींचे. एफडीएचे निरीक्षक कारखान्यात जी निरीक्षणे नोंदवतात तो 'फॉर्म 483' आणि कंपन्यांना पाठवलेली इशारापत्रे वाचून पाहा. अर्धा मजकूर नोंदवह्या, तारखा, सह्या आणि खाडाखोड यांबद्दल असतो. ऑडिटचा अनुभव असलेल्या मुलीला ती भाषा परकी वाटणार नाही.

राहिला हिशेबाचा एक खास मुद्दा. संशोधनाचा खर्च नफा-तोट्यात लगेच दाखवायचा की मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवायचा? भारतीय लेखा मानक 38 नुसार 'संशोधना'चा खर्च लगेच दाखवावा लागतो, 'विकासा'चा मात्र ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर मालमत्ता म्हणून ठेवावा लागतो. एखादी कंपनी हा टप्पा लवकर आला असे मानत असेल, तर तिचा नफा आज फुगलेला दिसेल आणि औषध फसले की एकदम कोसळेल. जीवशास्त्राचा पदवीधर हे चटकन पाहणार नाही. तुम्ही पाहाल. टीममध्ये तुमची किंमत इथे आहे.

काय करू नये

उसने शब्द वापरू नयेत. 'मेकॅनिझम ऑफ ॲक्शन', 'हझार्ड रेशो' असे शब्द मुलाखतीत फेकणारे बरेच येतात, आणि समोरचा डॉक्टर असेल तर दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडतात. माझ्या भाचीला इंटर्नशिप मिळाली तेव्हा मी तिला एक वही करायला सांगितली. प्रत्येक नवा शब्द आपल्या घरच्या भाषेत लिहायचा, आणि तो अम्मीला समजेल असा सांगता आला तरच पान उलटायचे. मुलाखतीत तिने स्वच्छ सांगितले, की मी विज्ञान शिकलेले नाही, पण या एका औषधाच्या चाचणीची नोंद आणि कंपनीचे म्हणणे मी जुळवून पाहिले आहे, आणि हे दोन प्रश्न मला सुटलेले नाहीत. पुढची वीस मिनिटे त्या दोन प्रश्नांवरच गेली.

दुसरे, कंपनीच्या प्रवक्त्यावर भाळू नये. विज्ञान न शिकलेल्या माणसाला शास्त्रज्ञाच्या आत्मविश्वासाची भुरळ लवकर पडते. त्यावर उपाय म्हणजे पुन्हा कागद. नोंदणीकृत कंपन्यांच्या कॉन्फरन्स कॉलचे शब्दांकन फुकट वाचता येते. गेल्या आठ तिमाहींचे वाचा. 'पुढच्या तिमाहीत मंजुरी अपेक्षित' हे वाक्य किती वेळा आले ते मोजा. पुण्याच्या एमक्युअरचा आयपीओ 2024 मध्ये आला. अशा वेळी कंपनी सेबीकडे जो जाडजूड मसुदा देते, त्यातले उद्योगाचे आणि जोखमीचे प्रकरण म्हणजे फुकटचे पाठ्यपुस्तक आहे.

घरचे विचारतात त्याबद्दल

शेअर बाजाराचे नाव काढले की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, हे जायज आहे का? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि फतवा देणे माझे काम नाही. इतके सांगतो, की निफ्टी 50 शरिया यासारखे निर्देशांक बरीच वर्षे आहेत. त्यांत व्याज, दारू, जुगाराचे धंदे आणि कर्जाने वाकलेल्या कंपन्या गाळल्या जातात, आणि औषध कंपन्यांना त्यांत जागा मिळत आली आहे. ज्याला सट्टा म्हणतात तो बायोटेकमध्ये भरपूर चालतो, हे मी नाकारत नाही. व्हॉट्सॲपवर 'कॅन्सरवर औषध सापडले' असा मेसेज येतो आणि रिक्षावाल्यापासून मास्तरांपर्यंत लोक शेअर घेतात. नीट केलेला रिसर्च त्या अफवेच्या विरोधात उभा असतो. म्हणूनच सेबीने 2014 मध्ये ॲनालिस्टांसाठी नियम केले, आणि शिफारस केलेल्या कंपनीत आपला पैसा आहे की नाही हे जाहीर करणे त्यांना बंधनकारक झाले. या क्षेत्रात टिकायचे असेल त्यांनी एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा लवकर द्यावी, त्यात हे नियम शिकावेच लागतात.

आणि आपण मोठ्यांनी

मुलांना तयारी सांगणे सोपे आहे. पण मालेगावच्या मुलीने घरी बसून सगळी तयारी केली, तरी दोन महिने मुंबईत राहायचे कुठे? इंटर्नशिप बऱ्याचदा बिनपगारी किंवा नाममात्र पैशांची असते. ज्याचे घर दादरला किंवा अंधेरीला आहे त्याला ती परवडते. शिवाय अशा जागा जाहिरातीपेक्षा ओळखीने जास्त भरतात, आणि आपल्या मुलांच्या ओळखीत या धंद्यातले कुणी नसते. सायन्स नसणे हा अडथळा दोन महिन्यांच्या वाचनाने ओलांडता येतो. हे दोन अडथळे वाचनाने ओलांडता येत नाहीत.

आपल्या जमातींचे ट्रस्ट शिष्यवृत्त्या देतात. त्यांतला मोठा भाग मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या फीमध्ये जातो. तो जावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॉमर्सच्या दहा मुलांना, त्यातही मुलींना, दोन महिन्यांच्या मुंबईतल्या राहण्या-खाण्याचा खर्च दिला तर तो एका मेडिकल सीटच्या फीपेक्षा फार कमी असेल. या व्यवसायात स्थिरावलेल्या आपल्या लोकांनी वर्षाला एका मुलाचे किंवा मुलीचे टिपण वाचून त्यावर लाल शाईने खुणा करून द्याव्यात. मी ते करतो, आणखी चौघांनी केले तर पाच होतील.

कारण हा प्रश्न एका नोकरीपुरता नाही. कोणत्या औषधात पैसा जाईल, कोणत्या आजारावर संशोधन होईल, कोणती किंमत लोक मुकाट्याने मोजतील, हे ठरते त्या खोल्यांत ताळेबंद वाचणारी माणसे बसलेली असतात. क्षयाचा, सिकलसेलचा, मधुमेहाचा रुग्ण ज्यांच्या घरात आहे, ज्यांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत औषधाची चिठ्ठी हातात धरून उभे राहणे पाहिले आहे, अशी मुले तिथे असली तर 'पैसे कोण मोजणार' हा प्रश्न ती वेगळ्या गांभीर्याने विचारतील. त्यांना सोळाव्या वर्षी झालेल्या वाटणीचे कारण सांगून दाराबाहेर ठेवू नका, आणि त्यांनी स्वतःही थांबू नये. सुरुवात आज संध्याकाळी करता येईल. माळ्यावरून दहावीचे पुस्तक काढा, धडा पहिला.